टीपांनी गिळलेली कादंबरी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका एका विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडणाऱ्या विभागात काम करतात आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरणाऱ्या चार जणांच्या वाचनगटात जातात. गटाने यंदा अमेरिकन लेखक थॉमस पिंचन यांची ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ ही, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात जर्मन अग्निबाणांभोवती फिरणारी कादंबरी निवडली. दोनदा वाचायला घेऊन त्या साठ-सत्तर पानांच्या आसपास थांबल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी स्टीव्हन वायझनबर्गर यांचे, याच कादंबरीवरील टीपांचे पुस्तक विकत घेतले. आता त्या शंभराव्या पानाच्या पुढे पोहोचल्या आहेत, पण एका पानाला अर्धा तास लागतो आणि त्यातला बराचसा वेळ टीपांतच जातो. सतराव्या शतकातल्या मॉरिशस बेटावर डोडो पक्षी मारणारा एक डच माणूस मध्येच अवतरला, तिथे त्या पंधरा दिवस अडकल्या आहेत. गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, गाइड घेऊन कादंबरी वाचणे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणे. त्यांचे प्रश्न तीन आहेत: हे गाइड बंद करावे का? मराठी माध्यमात शिकल्यामुळे हे पुस्तक आपल्या आवाक्याबाहेरचे आहे का? आणि तसे असेल तर ते सरळ सोडून द्यावे का?

तुमच्या पत्रात तुम्ही वायझनबर्गर यांच्या पुस्तकाला सुरुवातीला ‘संदर्भग्रंथ’ म्हणता, आणि त्या ज्येष्ठ सदस्यांचे वाक्य सांगून झाल्यावर मात्र शेवटपर्यंत ‘गाइड’ म्हणता. हा बदल मला तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा अधिक बोलका वाटला, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या शाळांमध्ये गाइड ही दप्तराच्या तळाशी दडवून ठेवायची वस्तू होती. धडा न वाचता धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे मिळवणे हा तिचा उपयोग होता, आणि त्यामुळे तिची थोडी लाज वाटणे योग्यही होते. परंतु तुमच्यासमोर आज परीक्षा नाही, गुण देणारे कोणी नाही, आणि मुख्य म्हणजे या कादंबरीच्या शेवटच्या पानामागे छापलेले उत्तरही नाही. उत्तर पाहून गणित सोडवण्याची उपमा जिथे एकच उत्तर असते तिथे चालते. या कादंबरीचा शेवट मी तुम्हाला सांगणार नाही, पण सातशे साठ पानांनंतर ‘म्हणजे नक्की झाले काय’ हे सांगणारा परिच्छेद तिथे तुमची वाट पाहत नाही, एवढे आधीच सांगितले तर रसभंग होणार नाही.

मूळ ग्रंथाशेजारी टीका ठेवून वाचण्याची आपली सवय शाळेतल्या गाइडपेक्षा कितीतरी जुनी आहे. ‘मेघदूत’ मुळातून वाचणारा विद्यार्थी मल्लिनाथाची ‘संजीवनी’ ही टीका शेजारी ठेवतो, तेव्हा तो लबाडी करतो आहे असे कोणी म्हणत नाही. याच मल्लिनाथाने स्वतःला एक दंडक घालून घेतला होता, ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’. आधार नसलेले काही लिहिणार नाही आणि गरज नसलेले काही बोलणार नाही. (पुढे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ निघाले आणि त्या ‘अपेक्षित’चे काय झाले, ते आपण जाणतोच.) टीपांचे कोणतेही पुस्तक हाती आले की त्याला या दोन कसोट्या लावून पाहाव्यात. वायझनबर्गर पहिल्या कसोटीला बहुतेक ठिकाणी उतरतात. दुसऱ्या कसोटीला ते सर्वत्र उतरत नाहीत, आणि उतरणे कठीणही आहे, कारण कोणत्या वाचकाला कशाची गरज भासेल हे टीकाकाराला कळू शकत नाही. ते ठरवायचे काम तुमचे आहे.

तुम्हाला होणारा त्रास मात्र खरा आहे, आणि तो ज्ञानेश्वरी सार्थ आवृत्तीतून वाचणाऱ्या कोणालाही ओळखता येईल. ओवी वर छापलेली असते, अर्थ खाली असतो, आणि काही पानांनंतर डोळा आपसूक खालीच जाऊ लागतो. अध्याय संपतो तेव्हा अर्थ समजलेला असतो, पण ओवी कानावर पडलेलीच नसते. तुमच्या बाबतीत तेच झाले आहे. पत्रात तुम्ही टीपांतली किती तरी माहिती बिनचूक लिहिली आहे. कादंबरीतले एकही वाक्य, एकही प्रसंग तुम्हाला आवडल्याचे किंवा खटकल्याचे त्यात नाही. त्यामुळे टीपांचे पुस्तक बंद करा असे मी म्हणणार नाही, पण त्याची जागा आणि वेळ दोन्ही बदलायला हव्यात. त्याकडे पुढे येतो.

त्याआधी मराठी माध्यमाचा प्रश्न, कारण तो मागे ठेवला तर बाकीच्या सल्ल्याचा उपयोग होणार नाही. १९७४ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी या कादंबरीची एकमताने शिफारस केली होती. अंतिम निर्णय घेणाऱ्या मंडळाने ती वाचण्याजोगी नाही, शब्दबंबाळ आहे, काही ठिकाणी अश्लील आहे, असे म्हणून शिफारस नाकारली, आणि त्या वर्षी कथात्म साहित्याचे पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. इंग्रजी ही त्या मंडळाची रोजची भाषा होती. त्याच वर्षी त्याच कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड मात्र मिळाले, तेही विभागून. थोडक्यात, ही कादंबरी अवघड वाटणे हा तुमच्या शालेय शिक्षणावरचा निकाल नाही. त्र्याहत्तर प्रकरणे, चारशेहून अधिक पात्रे, मध्येच सुरू होणारी गाणी, रसायनशास्त्र, जर्मन शब्द, क्षेपणास्त्रांचे गणित, आणि एका वाक्यात एका पात्राच्या मनात असलेला निवेदक पुढच्या वाक्यात न सांगता दुसऱ्याच्या मनात जाऊन बसतो. पिंचन यांनी तरुणपणी बोइंग कंपनीत तांत्रिक लेखन केले होते, आणि अग्निबाणाविषयी लिहिताना ते वाचकाला सूट देत नाहीत. त्यातही तुम्ही दोन्ही वेळा थांबलात ती जागा, म्हणजे गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली असलेला कादंबरीचा नायक स्लोथ्रॉप आपली माउथऑर्गन शोधत संडासाच्या भांड्यातून खाली उतरतो तो प्रसंग, चांगल्या मुरलेल्या वाचकालाही पुस्तक मिटायला लावणारी आहे.

उलट, या पुस्तकासाठी तुमच्याकडे एक अशी शिदोरी आहे, जी बहुतेक साहित्याच्या प्राध्यापकांकडे नसते, आणि तिचा उल्लेख तुम्ही पत्रात केवळ ओळख म्हणून करून सोडून दिला आहे. पहिल्या भागात रॉजर मेक्सिको नावाचा संख्याशास्त्रज्ञ लंडनच्या नकाशाचे ५७६ चौकोन करून कोणत्या चौकोनात किती अग्निबाण पडले ते मोजतो, आणि ते वाटप प्वासाँच्या सूत्राप्रमाणेच निघते. म्हणजे एखाद्या चौकोनात चार पडले म्हणून पाचवा तिथे पडण्याची शक्यता वाढत नाही आणि कमीही होत नाही. हे ५७६ चौकोन कुठून आले? आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने १९४६ मध्ये विमागणितज्ञांच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला होता. त्यात दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरच्या भागाचे ५७६ चौकोन करून ५३७ बॉम्बचा हिशेब केला होता. तुमच्याच व्यवसायातल्या माणसाचा हा हिशेब आहे. फरक एवढाच की क्लार्क यांचे आकडे व्ही-१ या उडत्या बॉम्बचे होते आणि कादंबरीतला नकाशा व्ही-२ अग्निबाणांचा आहे. कादंबरीकाराने गणित उचलले आणि दुसऱ्या शस्त्राला लावले. ही पाने तुम्ही केव्हाच ओलांडली आहेत. कार्यालयात तुम्ही रोज जे सूत्र वापरता, ते तिथे प्रेमात पडलेल्या आणि मरणाला भिणाऱ्या माणसांच्या तोंडी आले आहे, हे वाचताना तुमच्या मनात काय आले, हे मला खरोखर जाणून घ्यायला आवडले असते. पण तुम्ही बहुधा तेव्हा टीप वाचत होता.

आता मूळ प्रश्न. अशा पुस्तकात ‘कळत नाही’ या एका शब्दप्रयोगाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि आपण त्या वेगळ्या करत नाही म्हणून टीपांचे पुस्तक आधी औषध आणि मग व्यसन होते. एक न कळणे माहितीच्या अभावाचे असते: अमुक शब्द जर्मन आहे, अमुक माणूस खराच होता, अमुक गाणे त्या काळी रेडिओवर लागत असे. यावर टीप हा रास्त उपाय आहे. दुसरे न कळणे लेखकाने मुद्दाम निर्माण केलेले असते, आणि वाचकाने काही काळ त्यात राहावे अशी त्याची इच्छा असते. या दुसऱ्या न कळण्यावर उपाय शोधत बसलो, तर पुस्तकाचा गाभाच हातातून निसटतो.

पहिल्या प्रकारचे एक उदाहरण माझ्या स्वतःच्या फजितीचे आहे. कादंबरीच्या चौथ्या भागात बायरन नावाचा एक विजेचा दिवा आहे. तो कधीच जळून जात नाही, आणि दिव्यांचे आयुष्य ठरवणारी ‘फोबस’ नावाची टोळी त्याच्या मागावर असते. मी पहिल्यांदा ही कादंबरी टीपांशिवाय, काहीशा अहंकारानेच वाचली, आणि हा सगळा प्रकार लेखकाच्या कल्पनेची भरारी समजून हसून पुढे गेलो. फोबस हा कारखानदारांचा संघ खराच होता, १९२४ मध्ये जिनिव्हात त्याचा करार झाला होता आणि दिवा सुमारे एक हजार तासांहून अधिक टिकू नये असा त्याचा आग्रह होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. विनोद म्हणून वाचलेली ती पाने दुसऱ्या वाचनात विनोदी राहिली, पण हसू वेगळे होते. या कादंबरीत आय. जी. फार्बेन ही जर्मन रसायन कंपनी खरी आहे आणि इमिपोलेक्स-जी हे प्लास्टिक बनावट आहे. काल्पनिकाची शिवण इतिहासाच्या कापडात इतकी बेमालूम घातली आहे की बाहेरच्या मदतीशिवाय ती दिसत नाही. टीपांच्या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल मला इथे वाटते.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण तुमचा डोडोच आहे. तुम्ही लिहिले आहे की टीप वाचूनही ‘हा माणूस इथे का आला’ ते कळले नाही. टीप सांगते ते ठीकच आहे: डच लोक मॉरिशसवर होते, डोडो नामशेष झाले, त्याच्या बंदुकीसाठी आलेला ‘हाकबुस’ हा शब्द डच आहे. पण त्या पानांवर घडते काय ते पुन्हा पाहा. फ्रान्स फान डेर ग्रूफ हा माणूस डोडोच्या एका अंड्यावर बंदूक रोखून बसला आहे. ते उबून पिल्लू बाहेर आले की गोळी घालायची. दिवसभर काही हलत नाही, फक्त सूर्य सरकतो. लेखक म्हणतो, जणू डच चित्रकार व्हर्मीरचे चित्र. आणि शेवटी तो गोळी न घालता, सांधे दुखत असताना उठतो आणि बंदूक खांद्यावर टाकून निघून जातो. आता लंडन आठवा: माणसे कामाला जातात, चहा पितात, आणि कुठेतरी त्यांच्यावर काहीतरी रोखलेले आहे, ज्याचा आवाज त्यांना आधी ऐकूसुद्धा येणार नाही. व्ही-२ ध्वनीपेक्षा वेगाने यायचा. आधी स्फोट व्हायचा आणि मग त्याच्या येण्याचा आवाज पोहोचायचा. अंड्यासमोरची ती बंदूक आणि ८ सप्टेंबर १९४४ पासून लंडनवर पडू लागलेले अग्निबाण यांचे नाते कोणत्याही टीपेत पूर्ण मावणार नाही, आणि मी आत्ता सांगितले तेवढेच ते आहे असेही समजू नका. त्यासाठी त्या अंड्यासमोर थोडा वेळ बसावे लागते. तुम्ही पंधरा दिवस अडकलात असे म्हणता. मला वाटते, तुम्ही पंधरा दिवस टीपेसमोर बसलात.

याहून अवघड एक गोष्ट आहे, आणि ती या विशिष्ट कादंबरीलाच लागू पडते. हिचा मुख्य विषयच संशय हा आहे. स्लोथ्रॉपला वाटते की सगळे काही कोणीतरी आखलेले आहे, प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवतो आहे. आणि कादंबरी त्याच्या उलट अवस्थेचेही वर्णन करते, जिथे कशाचाच कशाशी संबंध नाही, आणि ती अवस्था माणसाला फार काळ सोसत नाही. आता टीपांचे जाड पुस्तक मांडीवर घेऊन, या पानावरून त्या पानाकडे, त्या पानावरून आफ्रिकेतल्या हेरेरो लोकांच्या १९०४च्या हत्याकांडाकडे आणि तिथून जर्मन भाषेतला कवी रिल्के याच्या कवितांकडे धावणारा वाचक स्लोथ्रॉपहून वेगळा काय करतो? त्याला नमुना दिसू लागतो आणि नमुना दिसण्याचे सुख मिळते. रॉजर मेक्सिकोचा नकाशा मात्र सांगत असतो की यदृच्छेतही घोळके पडतात, आणि घोळका दिसला म्हणजे हेतू सिद्ध झाला असे नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

वायझनबर्गर यांच्याही हातून हा मोह सुटलेला नाही, आणि मला ते माणूसपणाचे लक्षण वाटते. कादंबरीचा काळ डिसेंबर १९४४ पासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत ख्रिस्ती धार्मिक वर्षाच्या सणांशी जुळवलेला आहे आणि तिची रचना मंडलासारखी वर्तुळाकार आहे, अशी त्यांची मांडणी आहे. तारखा लावण्यामागचे त्यांचे कष्ट पाहून थक्क व्हायला होते, पण हे एका चांगल्या वाचकाचे वाचन आहे, कादंबरीत लपवलेली किल्ली नाही. त्यांनी स्वतः १९८८च्या पुस्तकाची सुधारून वाढवलेली आवृत्ती २००६ मध्ये काढली. टीकाकारच स्वतःला दुरुस्त करतो, तिथे आपण त्याच्या प्रत्येक शब्दाला प्रमाण मानण्याचे कारण नाही. कादंबरीकाराकडून खुलासा मिळण्याची सोयही नाही. पिंचन मुलाखती देत नाहीत आणि त्यांनी या पुस्तकाचा आराखडा कोणाच्या हाती दिलेला नाही. त्यामुळे टीपांत जिथे ‘हे अमुक आहे’ असे लिहिले असेल ते घ्या, आणि जिथे ‘याचा अर्थ अमुक आहे’ असे लिहिले असेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. एवढी एक सवय लागली तरी त्या पुस्तकाचा दबाव बराच उतरेल.

प्रत्यक्ष काय करावे, ते आता सांगतो; तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही यातले काही उपयोगी पडेल. एका बैठकीला एक प्रकरण घ्या आणि ते सलग, टीपांचे पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून वाचा. अडले तर समासात बारीक खूण करा आणि पुढे जा. शब्दकोशही उघडू नका. या लेखकाची वाक्ये डोळ्यांनी अडतात आणि कानांनी पुष्कळदा सुटतात, म्हणून दारे लावून मोठ्याने वाचायला हरकत नाही. संपल्यावर आपल्या वहीत तीनच ओळी लिहा: कुठे आहोत, कोण आहे, काय लक्षात राहिले. दुसऱ्या दिवशी टीपांचे पुस्तक उघडा आणि आधी त्या प्रकरणाचा स्थळकाळ तपासा, कारण निम्मा गोंधळ ‘हे कधी चालले आहे’ याचाच असतो. मग केवळ खुणा केलेल्या जागांच्या टीपा वाचा. जिथे खूण केली नव्हती तिथली टीप कितीही मोहक दिसली तरी वाचू नका. ती दुसऱ्या वाचनाची ठेव आहे. शेवटी, दोन-चार पाने, आवडलेली किंवा सर्वांत जास्त छळणारी, पुन्हा वाचा. ही तिसरी पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि तिच्याशिवाय टीपेतली माहिती कादंबरीत परत जातच नाही, वहीतच राहते.

पात्रांची यादी स्वतः करा, तयार यादी घेऊ नका. दुसरी एक क्षुल्लक वाटणारी पण डोकेदुखी वाचवणारी गोष्ट: टीपा पानांच्या आकड्यांवरून लावलेल्या आहेत आणि कादंबरीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची पाने जुळत नाहीत. तुमची प्रत कोणती आहे ते पाहून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला टीपांच्या पुस्तकाचा पृष्ठांक एकदाच पेन्सिलीने लिहून ठेवा. टीपा पुढच्या पानांचेही दाखले देतात, त्यामुळे पुढची घटना आधी कळण्याची शक्यता असते. ते तुम्हाला चालत नसेल तर दाखला दिसताच तिथे थांबा.

टीपा आधी वाचाव्यात असे मी दोनच ठिकाणी म्हणेन. तिसरा भाग सुरू करण्यापूर्वी पराभूत जर्मनी, तिथली विजेत्यांची वाटणी आणि नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या हेरेरो लोकांचा इतिहास यांची ओळख करून घ्या; ते माहीत आहे असे लेखक गृहीत धरतो. आणि दुसरे म्हणजे, या कादंबरीत काही प्रसंग किळस आणणारे आहेत, दुसऱ्या भागातल्या वृद्ध ब्रिगेडियरचा तर फारच, आणि पुढे एका अल्पवयीन मुलीच्या संदर्भातले काही सोसवत नाही असे आहेत. ते काय आहे हे आधी जाणून घेऊन वाचायचे की वगळायचे, हे ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. वगळल्याबद्दल गटात कोणाला खुलासा देण्याची गरज नाही.

वाचनगटाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तुमच्या अडचणीतला निम्मा वाटा वेळापत्रकाचा आहे. त्र्याहत्तर प्रकरणे आठवड्याला तीन या वेगाने वाचली तरी सहा महिने लागतात. तुमच्या गटाने ती किती बैठकांत संपवायची ठरवली आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण पत्राच्या सुरावरून ते फार कमी असावे. पहिल्या भागात एकवीस प्रकरणे आहेत. पहिले दोन महिने तेवढेच घ्यावे असा प्रस्ताव मांडून पाहा. आणि चौघांपैकी दर वेळी एकानेच टीपा वाचून याव्यात, बाकीच्यांनी नुसती कादंबरी. टीपावाल्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही. ‘नानपेक्षितमुच्यते’ हा दंडक पाळायची यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात ती पाळी दुसऱ्याची. त्या ज्येष्ठ सदस्यांची पाळीही कधीतरी येईलच.

पुस्तक सोडून द्यावे का, या प्रश्नाला मी ‘नाही’ असे उत्तर देणार नाही. न आवडलेले पुस्तक सोडणे हा वाचकाचा हक्क आहे, आणि याच लेखकाची ‘द क्राइंग ऑफ लॉट ४९’ ही १९६६ची कादंबरी दोनशे पानांच्या आत याच संशयाच्या खेळाची चव देते. तिच्यापासून नव्याने सुरुवात करणे यात कमीपणा नाही. मात्र तुम्हाला कादंबरी आवडली नाही की टीपांनी तुम्हाला ती भेटूच दिली नाही, हे अजून ठरलेले नाही. म्हणून सोडण्यापूर्वी एक करा: तिसऱ्या भागातले फ्रान्झ पोक्लरचे लांबलचक प्रकरण क्रम मोडून वाचा. पोक्लर अग्निबाणावर काम करणारा अभियंता आहे. त्याची बायको आणि लहान मुलगी छावणीत आहेत, आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, मुलीला त्याच्या भेटीला पाठवले जाते. दर वर्षी येणारी मुलगी तीच आहे की दुसरीच कोणी, हे त्याला कळत नाही, आणि विचारले तर पुढच्या वर्षी कोणीच येणार नाही, ही भीती.

या प्रकरणासाठी टीपा तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट देतील: जर्मनीतल्या नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यांतला अग्निबाणांचा कारखाना आणि शेजारची डोरा छावणी खरी होती, तिथे सुमारे साठ हजार कैदी आणले गेले आणि त्यांतले जवळजवळ वीस हजार मेले. हे जाणून वाचावे. ती मुलगी तीच आहे का, हे मात्र टीपांत शोधू नका. पोक्लरला ते कळत नाही, आणि लेखकाने आपल्यालाही पोक्लरपेक्षा जास्त दिलेले नाही. ती पाने वाचूनही पुस्तक बाजूला ठेवावेसे वाटले, तर खुशाल ठेवा.

येत्या रविवारी काय बोलायचे, याची चिंता करू नका. प्वासाँच्या नकाशावर तुम्ही दहा मिनिटे बोलू शकता, आणि तेवढे तिथे दुसरे कोणी बोलू शकणार नाही. उरलेल्या वेळात त्या ज्येष्ठ सदस्यांना डोडोच्या अंड्याचे पान मोठ्याने वाचायची विनंती करा. वाचता वाचता त्यांनी ‘हाकबुस’ म्हणजे काय असे विचारले, तर ती तोड्याची बंदूक, हे तुम्हाला ठाऊक आहेच.